मेणाचं वाण

हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं, या प्रश्नानं चारकोपच्या बायकांना दिवाळीपासूनच झोप लागत नाही. प्लास्टिकचे डबे झाले, चहाच्या गाळण्या झाल्या, साबण ठेवायच्या ताटल्या झाल्या. गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीवहिनींनी बांबूचे दात घासायचे ब्रश वाटले आणि 'पर्यावरण, पर्यावरण' करत सगळ्या सोसायटीत भाव खाल्ला. ते ब्रश पंधरा दिवसांत फुगून वाया गेले, ही गोष्ट वेगळी. तळमजल्यावरच्या वनमाला नेरूरकरांना मात्र तो भाव वर्षभर टोचत राहिला. त्यांना स्वतःला तेव्हा वाण वाटायची सोय नव्हती. एकुलता एक मुलगा, हर्षद, सात दिवसांच्या तापात गेला होता आणि घरात वर्षभर सण बंद होते.

यंदा त्यांनी ठरवलं होतं की हळदीकुंकू करायचं, आणि असं करायचं की लोक रेवतीचा बांबू विसरले पाहिजेत. आपलं घर अजून उभं आहे हे चारचौघींना दिसायला हवं, असं मुलगा गेलेल्या बाईला वाटलं तर ते समजण्यासारखं आहे. त्यापुढचं त्यांनी जे केलं ते समजण्यासारखं नाही.

वाणाची कल्पना त्यांना सापडली सुनेच्या डब्यात. जान्हवी, हर्षदची बायको, एकतीस वर्षांची, मालाडला एका ऑफिसात कामाला होती. पोळ्या ती फॉइलमध्ये किंवा पिशवीत नेत नसे, मेणाच्या फडक्यात नेत असे. सुती कापडाचा वीतभर मोठा चौकोन, त्यावर मधमाशीचं मेण, राळ आणि थोडं खोबरेल तेल वितळवून लावलेलं. हाताची ऊब दिली की ते कापड वाटीला, पोळीला, चिरलेल्या लिंबाला घट्ट बसतं. थंड पाण्यानं धुवायचं, वाळवायचं, पुन्हा वापरायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी जान्हवी आणि हर्षद हे एका रविवारी कुठंतरी जाऊन शिकून आले होते. तेव्हा वनमालाबाईंनी नाक मुरडलं होतं. "त्यात बांगडो गुंडाळूक येता काय?" असं त्यांनी विचारलं होतं. कच्ची मासळी गुंडाळता येत नाही म्हटल्यावर मालवणी माणसाच्या लेखी त्या फडक्याची किंमत शून्य झाली होती.

आता मात्र त्याच फडक्याकडे बघून त्यांचे डोळे लकाकले.

"साठ होतील गो, जान्हवी? रथसप्तमीच्या आधी?"

जान्हवी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं. सासूला आपल्याकडून काहीतरी हवं आहे, असं हर्षद गेल्यापासूनच्या पंधरा महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं, आणि जान्हवीला सासूकडून एकच गोष्ट हवी होती. कपाटावर एक सूटकेस होती. तिच्यात हर्षदचे अकरा शर्ट होते.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, त्याचा जीव अडकतो, असं वनमालाबाई तेराव्यापासून सांगत आल्या होत्या. पँट्स गावाकडच्या पुतण्याला गेल्या, स्वेटर कुणा आश्रमाला गेला. शर्ट मात्र जान्हवीनं सोडले नव्हते. त्यातला एक निळ्या चौकड्यांचा तिनं धुतलाही नव्हता. त्याला ताप आला त्या संध्याकाळी अंगातून काढलेला होता तो. महिन्यातून एकदा, घरात कुणी नसताना, ती सूटकेस खाली काढून तो शर्ट नाकाशी धरायची. बाकी या घरात तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. सासू तिला दोष देत होती, की हिनं डॉक्टरकडे दोन दिवस उशिरा नेलं. हे रोज बोलून दाखवत नव्हती, पण रोज ऐकू यायचं. सूटकेस हलवायचा विषय तर आठवड्याला एकदा निघायचाच.

"करीन साठ," जान्हवी म्हणाली. "पण आई, शर्टांचं परत काढायचं नाही. सूटकेस तिथंच राहील. कायमची."

वनमालाबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू दे. माझं काय जातंय?"

सौदा ठरला. जान्हवीला त्या रात्री गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी वनमालाबाईंनी आपलं गाठोडं सोडलं. कोणत्याही मराठी बाईच्या कपाटात असतं तसं ते ब्लाउजपिसांचं गाठोडं होतं. ओटीत आलेली, जमलं तर दुसरीच्या ओटीत ढकलायची, कधीच न शिवायची ब्लाउजपिसं. "ह्याचीच करू," त्या म्हणाल्या. "घरचंच कापड."

जान्हवीनं एक करून पाहिलं. मेण कापडात मुरेचना. वर पापुद्रा धरला आणि घडी घालताच खपली निघाल्यासारखा तो गळून पडला. तेव्हा सासरे, चंद्रप्रकाश, पेपर बाजूला ठेवून उठले. तरुणपणी ते गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी पन्नास उद्योग केले, पण कापड हातात आलं की अजून त्यांची बोटं आपोआप चाचपायला लागायची. त्यांनी एका पिसाचा धागा ओढून काडी लावली. धागा आक्रसून त्याचा काळा मणी झाला.

"ह्यां सूत नाय," ते म्हणाले. "टेरीकॉट आसा. ह्यां मेण पिवचा नाय." मग एकेक करत त्यांनी सगळं गाठोडं निकालात काढलं. हर्षदला सुती शर्टांचं वेड होतं ते यांच्याकडूनच आलेलं. ते स्वतः बोरिवलीला जाऊन कटपीसच्या दुकानातून शर्टाचं सुती कापड घेऊन आले. बारीक चौकडे आणि रेघा, निळे, राखाडी, फिकट हिरवे. जान्हवीनं ते उकळत्या पाण्यात घालून त्याची खळ काढली आणि करवती दातांच्या कात्रीनं साठ चौकोन कापले.

राहिला प्रश्न भांड्याचा. मेण आणि राळ एकदा भांड्यात वितळवली की ते भांडं परत स्वयंपाकाचं राहत नाही. "माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही," असं वनमालाबाईंनी आधीच बजावलं होतं. पण गुरुवारी जान्हवी ऑफिसातून आली तेव्हा ओट्यावर एक नवं कोरं पातेलं होतं. स्टीलचं, जाड बुडाचं, कडेवर अजून कागदाची चिठ्ठी चिकटलेली.

"घे," वनमालाबाई म्हणाल्या. "खास तुझ्यासाठी घेतलं. मेणाला वेगळं असू दे."

जान्हवीचे डोळे भरून आले. 'खास तुझ्यासाठी' हे शब्द या घरात तिनं बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. वेडी पोर!

तीन रविवार काम चाललं. मोठ्या टोपात पाणी उकळत ठेवायचं, त्यात ते नवं पातेलं बसवायचं. आधी राळ घालायची, कारण ती हट्टी, लवकर विरघळत नाही. ती पातळ झाली की मेण, शेवटी खोबरेल. मग ब्रशनं कापडावर सारवायचं, वर-खाली बटर पेपर घालून गरम इस्त्री फिरवायची, आणि मेण सगळीकडे सारखं पसरलं की कापड कोपऱ्यांना धरून हवेत झुलवायचं. श्वासभरात ते गार होतं. राळेचा वास घरभर पसरला की चंद्रप्रकाश म्हणायचे, "दशावतार सुरू झालो वाटता." गावाकडे नाटकात मशालीवर राळ उडवतात, त्याची त्यांना आठवण यायची.

आणि वनमालाबाई चक्क मदतीला आल्या. जान्हवी कापड झुलवायची आणि त्या चिमटे लावून दोरीवर टांगायच्या. बोलणं व्हायला लागलं. हर्षद लहानपणी मेणबत्तीचं मेण बोटांवर घेऊन टोप्या करायचा, हे त्यांनी हसत सांगितलं. दुसऱ्या रविवारी तर म्हणाल्या, "वापरायचं कसं, धुवायचं कसं ते तूच सांग हां बायकांना. मला नाही जमायचं." जान्हवी त्या रात्री कपाटापुढे उभी राहिली आणि तिनं एक मोतिया साडी बाजूला काढून ठेवली. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकू लावत नाहीत हे तिला माहीत होतं. कुंकू तिला नकोच होतं. चार बायकांत उभं राहून, हे मी केलं, एवढं तिला म्हणायचं होतं.

हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी साठ फडकी सुतळीनं बांधून टोपलीत रचून झाली. तेव्हा वनमालाबाई अगदी सहज म्हणाल्या, "उद्या तू मुलुंडला आईकडे जाऊन ये. बऱ्याच दिवसांत गेली नाहीस."

"उद्या? मी सांगणार होते ना बायकांना..."

"त्यांना अवघडल्यासारखं होतं गो. तू समोर आलीस की काय बोलावं सुचत नाही कुणाला. मी सांगेन त्यांना. ऐकून ऐकून पाठ झालंय मला." आणि त्या तिळगुळाचे लाडू डब्यात भरायला लागल्या. गरज सरो, वैद्य मरो.

जान्हवीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण तिनं स्वतःची समजूत घातली. सौदा शर्टांचा होता, साडी नेसून मिरवायचा नव्हता. सूटकेस कपाटावर आहे, बस झालं. अशी समजूत घालणाऱ्या माणसाला लुबाडणं सोपं असतं.

सकाळी ती मुलुंडला निघायला म्हणून चपला घालत होती, तेवढ्यात दारात बोहारीण आली. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेत कपड्यांचं बोचकं. सोसायटीत तिला सगळ्या ओळखत.

"काय गं ताई, ते शर्ट अजून हायेत काय? त्या दिवशी आजीनं दिले तसले? चांगला माल होता. अख्खे शर्ट, एक बटण पण तुटलेला नाय. बाजारात ठेवल्या ठेवल्या गेले."

"कुठले शर्ट?" जान्हवी म्हणाली.

"अरे ते, चौकडेवाले. अकरा होते. एक मळका होता, तो धुतला मी. ते पातेला दिला ना मी त्याच्यावर. जाड बुडाचा." बोहारणीनं मान वाकडी करून आत ओट्याकडे पाहिलं. "तो बघ, तोच."

जान्हवीनं चपला काढल्या. आत जाऊन स्टुलावर चढली आणि सूटकेस खाली घेतली. वजन तेवढंच होतं. उघडली तर आत ब्लाउजपिसं. चंद्रप्रकाशांनी नाकारलेली, टेरीकॉटची, व्यवस्थित घड्या घालून ठासून भरलेली. 'राहू दे, माझं काय जातंय' असं म्हटल्याला तेव्हा चार दिवससुद्धा झाले नव्हते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि ज्या पातेल्यावर शर्ट गेले, त्याच पातेल्यात तिच्याकडून साठ जणींची वाणं करून घेतली होती.

चंद्रप्रकाश खुर्चीत होते. तिच्या हातातली उघडी सूटकेस त्यांनी पाहिली आणि पेपर जरा वर धरला.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"खाली काढून मीच दिली," ते पेपराआडून म्हणाले. "तिचो हात वर पोचना नाय. तुका सांगतंय म्हणाली होती." पान उलटत पुन्हा म्हणाले, "आज बायका येतले घरात. उद्या बोला काय ता."

वनमालाबाई फुलवाल्याकडे गेल्या होत्या. जान्हवी रडली नाही. तिनं मोतिया साडी नेसली, आतल्या खोलीचं दार लावलं आणि संध्याकाळची वाट बघत बसली. सून मुलुंडला गेली असं समजून वनमालाबाईंनी एकदाही दार लोटून पाहिलं नाही. चंद्रप्रकाशांना ठाऊक होतं, पण ते दुपारीच उठून बागेत जाऊन बसले. त्यांचं सगळं आयुष्य असंच ऐनवेळी उठून गेलेलं होतं.

पाचला बायका यायला लागल्या. अत्तर, गुलाबपाणी, हळद, कुंकू, तिळगूळ. आणि मग टोपलीतलं वाण. बाहेर कौतुकाचा नुसता पाऊस पडत होता आणि जान्हवीला आतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"झकास आयडिया आहे गं, वनमाला! कुठून आणलंस?"

"घरीच केली. ह्यांनी कापड निवडलं, मी मेण लावलं. तीन रविवार कंबर मोडली."

त्या वाक्याला जान्हवीनं दार उघडलं.

हॉलमध्ये वीस-बावीस बायका होत्या. वनमालाबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी तशीच राहिली. समोर वरच्या मजल्यावरची गार्गी बसली होती, नोव्हेंबरात लग्न झालेली, तिचं पहिलंच हळदीकुंकू. तिच्या मांडीवर निळ्या चौकड्यांचं फडकं होतं.

"कापड आवडलं?" जान्हवीनं तिला विचारलं. आवाज अगदी गोड होता. "हर्षदच्या शर्टांचं आहे. अकरा होते. सगळे कापले मी."

गार्गी किंचाळली नाही एवढंच. फडकं तिनं असं झटकलं की ते तिळगुळाच्या ताटात जाऊन पडलं. "ईऽऽ! काकू, माझं पहिलं वर्ष आहे हो!" कुणी हातातलं खाली ठेवलं, कुणी सोफ्याच्या कडेवर ठेवलं, कुणी पदराला हात पुसले. गेलेल्या माणसाचं कापड, आणि ते सवाष्णींना वाण म्हणून? एकजण उठून पर्स शोधायला लागली. जान्हवी उभी राहून बघत होती आणि तिला आनंद होत होता. खरा, काळा आनंद, पंधरा महिन्यांतला पहिला.

"खोटं बोलते!" वनमालाबाई ओरडल्या. "कटपीस आहेत ते. ह्यांनी बोरिवलीहून आणलेत."

"मग शर्ट दाखवा ना, आई," जान्हवी म्हणाली. "सूटकेसमध्ये होते. दाखवा सगळ्यांना."

आता पकडली, असं तिला वाटलं. शर्ट दाखवता येणार नव्हते. कुठं गेले ते सांगितलं, तर पोटच्या मुलाचे कपडे एका पातेल्यावर विकणारी आई म्हणून ही बाई चारचौघींत उघडी पडणार. नाही सांगितलं, तर वाण तसंच पडून राहणार आणि या घरात परत कुणी हळदीकुंकवाला पाऊल ठेवणार नाही. जान्हवीनं दिवसभर दाराआड बसून हे बेतलं होतं आणि त्यात तिला एकही भोक दिसलं नव्हतं.

वनमालाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग त्या रेवतीवहिनींकडे वळल्या.

"रेवती, तू होतीस ना त्या दिवशी खाली? तूच सांग. शर्ट मी बोहारणीला नाही दिले?"

रेवतीवहिनी आठवायला लागल्या आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"हो, हो! तेच का ते शर्ट? अगं होते की मी! माझ्या साड्या चालल्या होत्या तेव्हा." त्या बाकीच्यांकडे वळल्या. "काही काळजी करू नका गं, खरंच दिले तिनं. माझ्यासमोर दिले. हे शर्टांचं नाहीये."

हॉलमध्ये सुटकेचा निःश्वास पसरला. जान्हवी थांबली होती. आता कुणीतरी म्हणेल, असं तिला वाटत होतं. अगं पोराचे शर्ट, बोहारणीला? निदान एखादी तरी मान खाली घालेल.

"बरं केलंस बाई," सोफ्यावरची एकजण म्हणाली. "घरात ठेवूच नये."

"मी तर आमच्या ह्यांचे दहाव्यालाच दिले असते," दुसरी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. सगळ्या हसल्या.

"पण काय दिलं गं तिनं अकरा शर्टांवर?" रेवतीवहिनींनी विचारलं. "पातेलं ना ते? एवढंसं? मी तेव्हाच म्हणणार होते, फसवतेय तुला. अगं चांगले ब्रँडेड शर्ट होते. झाकण तरी घेतलंस का?"

"मागितलं होतं," वनमालाबाई म्हणाल्या. "नाही दिलं मेलीनं. म्हणाली एक शर्ट मळका आहे."

बोलून झाल्यावर त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं. आपणच काय बोललो ते त्यांना आत्ता ऐकू आलं असावं. हातातली कोयरी कलली आणि कुंकवाची चिमूट नव्या साडीवर सांडली. पण पुढची बाई कपाळ पुढं करून उभी होती. वनमालाबाईंनी डोळे मिटून उघडले, बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं.

सोफ्यावर ठेवलेली फडकी एकेक करून उचलली गेली. गार्गीनं तिळगुळाच्या ताटातलं आपलं फडकं काढलं, त्याचे तीळ झटकले आणि नाकाशी धरलं.

"मधाचा वास येतोय," ती म्हणाली. मग जरा ओशाळून जान्हवीकडे वळली. "हे धुवायचं कसं हो?"

जान्हवीला ओरडायचं होतं. ती टोपली उलटी करून एकेकीच्या तोंडावर ती फडकी फेकायची होती. बावीस जणी तिच्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत, आणि त्यांच्यापैकी एकीच्याही चेहऱ्यावर काही झालं असल्याची खूण नव्हती.

"थंड पाण्यानं," ती म्हणाली. "साबण कमी. गरम पाणी लागलं तर मेण सुटतं."